डर्टी हॅरी (१९७१): हॅरी नियम मोडतो तेव्हा कॅमेरा कुणाच्या बाजूला असतो?

पिटातला

सॅन फ्रान्सिस्कोतल्या केझार स्टेडियमच्या प्रसंगापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते अख्खा सिनेमा तिथे ठरतो. रात्रीची वेळ, रिकामं फुटबॉलचं मैदान. स्कॉर्पिओ नावाचा खुनी लंगडत पळतोय, इन्स्पेक्टर हॅरी कॅलहन मागावर. हॅरीचा एक सहकारी मैदानाचे दिवे लावतो आणि खुनी भर उजेडात उघडा पडतो. हॅरी गोळी घालून त्याला आडवा करतो, चालत जवळ जातो आणि जखमी पायावर आपला पाय ठेवतो. चौदा वर्षांची एक मुलगी कुठेतरी जमिनीत पुरलेली आहे, तिची हवा संपत आलेली आहे. खुनी विव्हळत डॉक्टर मागतो, वकील मागतो, मला हक्क आहेत म्हणून ओरडतो. हॅरी पायावरचा भार वाढवत एकच विचारत राहतो, मुलगी कुठे आहे?

नेमक्या या क्षणी दिग्दर्शक डॉन सीगल कॅमेरा हेलिकॉप्टरमधून वर नेतो. वर आणि मागे. दोन माणसांचे दोन ठिपके होतात, मग मैदानच अंधारात आणि धुक्यात विरून जातं. किंकाळी लालो शिफ्रिनच्या संगीतात मिसळते. हॅरीच्या चेहऱ्याचा क्लोजअप नाही. शाबासकी नाही. आपल्याला तिथे थांबूच दिलं जात नाही.

पुढच्या दृश्यात उजाडलेलं आहे, मागे गोल्डन गेट ब्रिज आहे, आणि खड्ड्यातून मुलीचं प्रेत बाहेर काढलं जातंय. हॅरी लांबून बघत उभा आहे.

या दोन दृश्यांचा हिशेब एकत्र मांडा. छळ करून पत्ता मिळाला, पण जीव वाचला नाही. त्याच छळामुळे पुढे सरकारी वकील खटला उभा करू शकत नाही आणि खुनी सुटतो. सुटल्यावर तो शाळेची बस पळवतो. 'पोलिसांचे हात मोकळे सोडा' म्हणणारे लोक पन्नास वर्षं या सिनेमाचा दाखला देत आले आहेत, पण सिनेमातल्या घटना त्यांच्या बाजूने साक्ष देत नाहीत. हॅरी मला फार आवडतो. त्याचा एकटेपणा, कामावरची निष्ठा, वरिष्ठांसमोर न झुकणारी मान, सगळं आवडतं. पण सीगलने त्याला जिंकू दिलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

रीळवाला

सुंदर विषय काढलात. पडद्यामागची थोडी माहिती घालतो, ती तुमच्या मुद्द्याला उपयोगी पडेल.

मूळ पटकथा हॅरी ज्युलियन फिंक आणि आर. एम. फिंक या नवरा-बायकोची. हॅरीची भूमिका आधी फ्रँक सिनात्रा करणार होता, दिग्दर्शक होता अर्विन कर्शनर. सिनात्राच्या हाताच्या दुखापतीमुळे ते बारगळलं. पॉल न्यूमनने राजकीय कारणासाठी नकार दिला आणि क्लिंट ईस्टवुडचं नाव सुचवलं. ईस्टवुड आला तो सीगलला सोबत घेऊन. दोघांचे तीन सिनेमे आधीच झाले होते, त्यामुळे सेटवर फार बोलावंच लागत नसे. जॉन मिलियस आणि टेरेन्स मॅलिक या दोघांनीही पटकथेच्या वेगवेगळ्या खर्ड्यांवर काम केलं, श्रेयनामावलीत मात्र दोघंही नाहीत. शेवटचा हात डीन रीझनरचा.

छायाचित्रकार ब्रूस सर्टीस. रात्रीच्या दृश्यांत इतका काळोख ठेवायची हिंमत तेव्हा स्टुडिओच्या सिनेमात फार थोडे जण करत. माउंट डेव्हिडसनवरच्या क्रुसाखाली खुनी हॅरीला बडवतो, तो प्रसंग आठवा. काय दिसतंय यापेक्षा काय दिसत नाही त्याचीच भीती जास्त वाटते.

आणखी एक. इमारतीच्या कठड्यावरून उडी मारायला निघालेल्या माणसाला हॅरी खाली आणतो तो प्रसंग सीगल आजारी असल्यामुळे ईस्टवुडने स्वतः दिग्दर्शित केला.

अनुजा_के

पिटातला, तुमचं केझारचं वाचन मला पटतं. पण तुम्ही सिनेमाला फार सहज सोडून दिलंत. कॅमेरा मागे गेला म्हणून सिनेमाची भूमिका बदलत नाही.

स्कॉर्पिओला घडवलंय कसं ते बघा. त्याला नाव नाही, घर नाही, आई-बाप नाहीत, कारण नाही. पट्ट्याच्या बकलवर शांततेचं चिन्ह आहे, केस वाढलेले आहेत. १९७१ सालच्या अमेरिकन प्रेक्षकाला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरलेली मुलं रोज टीव्हीवर दिसत होती. त्याच मुलांचं चिन्ह उचलून खुन्याच्या कमरेला लावायचं, तेही सॅन फ्रान्सिस्कोत, यात निरागसपणा कुठे आहे? समोर महापौर गुळमुळीत, सरकारी वकील पुस्तकी, त्याच्या शेजारी बसलेले न्यायाधीशसाहेब बर्कलीत कायदा शिकवणारे. प्रत्येक सोंगटी अशी मांडली आहे की हॅरीशिवाय कुणाला हाडाचा कणाच नाही.

समीक्षक पॉलीन केल यांनी तेव्हाच या सिनेमावर फॅसिस्ट वळणाचा आरोप केला होता. दुसरे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी सिनेमा म्हणून त्याची तारीफ केली आणि त्याची नैतिक भूमिका फॅसिस्ट आहे असंही स्पष्ट लिहिलं. हे दोघं सिनेमाचे शत्रू नव्हते. त्यांना सीगलचं कसब दिसत होतं, आणि म्हणूनच काळजी वाटत होती.

मुलगी वाचली नाही हे खरं. पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्याच्या मनात 'छळ फुकट गेला' हा विचार राहतो, की 'त्या वकिलाने सोडलं म्हणून बस पळवली गेली' हा? मला तरी दुसरा राहतो असं वाटतं. सिनेमाचा उतार त्या दिशेला आहे.

काळाकोट

मी सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवते, त्यामुळे सरकारी वकील रॉथकोच्या खोलीतला प्रसंग माझा.

रॉथको हॅरीला सुनावतो त्यात एस्कोबेडो आणि मिरांडा ही नावं येतात. हे खरे निकाल आहेत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे, अर्ल वॉरेन सरन्यायाधीश असतानाचे. १९६१ च्या मॅप निकालाने ठरवलं की बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या कोर्टातही चालणार नाही. १९६४ चा एस्कोबेडो निकाल चौकशीच्या वेळी वकील मिळण्याबद्दल आहे, १९६६ चा मिरांडा निकाल अटकेतल्या माणसाला त्याचे हक्क आधी सांगण्याबद्दल. म्हणजे सिनेमा आला तेव्हा मिरांडाला जेमतेम पाच वर्षं झाली होती. पोलिसांत त्याबद्दल खदखद होती, तीच या खोलीत ऐकू येते.

पण रॉथको म्हणतो तितकी केस रिकामी होती का? खुन्याच्या पायात हॅरीने चाकू खुपसला होता. ती जखम बांधणारा डॉक्टर आहे. खंडणीच्या पैशाच्या वेळी गोळीबार झाला, त्यात जोडीदार चिको जखमी झाला, तो साक्षीदार आहे. हॅरी स्वतः मार खाल्लेला साक्षीदार आहे. खुन्याने तोंडावर मुखवटा घातला होता हे मान्य, म्हणजे ओळख पटवणं कठीण. तरीही पोलिसांवर प्राणघातक हल्ला आणि खंडणी, एवढ्यावर त्याला आत ठेवण्याचा प्रयत्न कुठलाही सरकारी वकील केल्याशिवाय राहिला नसता. आणि मुलीचा जीव धोक्यात असताना वॉरंटविना खुन्याच्या खोलीत शिरण्याला तातडीचा अपवाद लागू होतो, हा युक्तिवाद तर मी स्वतः जीव तोडून केला असता. रॉथकोसमोर तो कुणी करतच नाही. पटकथेला खुनी सुटायला हवा होता, म्हणून तो सुटला. इथे मी अनुजाच्या बाजूने आहे.

आपल्याकडे हेच घडलं असतं तर? भारतात बेकायदा झडतीत सापडलेली वस्तू केवळ त्या कारणाने बाद होत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये पूरनमल प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणजे खुन्याच्या खोलीत हॅरीला सापडलेली ती रायफल इथल्या कोर्टात बहुधा दाखल झाली असती. उलट पोलिसापुढचा कबुलीजबाब आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यापासूनच अग्राह्य आहे, कलम २५. अपवाद कलम २७ चा: आरोपीने सांगितल्यामुळे जी वस्तू किंवा जागा सापडली तेवढ्यापुरतं त्याचं निवेदन चालतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे सगळं कलम २३ मध्ये आलं आहे. पण तिथेही जबरदस्ती सिद्ध झाली तर घटनेचा अनुच्छेद २०(३) आडवा येतो. पाय दाबून काढलेला पत्ता इथेही टिकला नसता.

धुक्यातली_सई

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहते, त्यामुळे जागांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्याच दृश्यात खुनी ज्या गच्चीवरून पोहणाऱ्या मुलीवर नेम धरतो, ती कॅलिफोर्निया स्ट्रीटवरची बँक ऑफ अमेरिकाची इमारत. शूटिंगच्या वेळी ती नवीकोरी होती. केझार स्टेडियम गोल्डन गेट पार्कच्या कडेला आहे. अमेरिकन फुटबॉलचा फोर्टीनाइनर्स संघ तिथे खेळायचा आणि १९७१ च्या सुरुवातीला त्यांचा तिथला शेवटचा सामना झाला. म्हणजे सिनेमातलं ते रिकामेपण फक्त रात्रीचं नाही, त्या मैदानाचं वैभव नुकतंच गेलेलं होतं. जुनं स्टेडियम १९८९ मध्ये पाडलं, आता तिथे लहान मैदान आहे, लोक सकाळी धावायला येतात.

माउंट डेव्हिडसनवरचा क्रूस काँक्रीटचा आहे, १०३ फूट उंच. सरकारी जागेवर धार्मिक चिन्ह नको म्हणून त्यावर खटला झाला, आणि १९९७ मध्ये शहराने तो एका आर्मेनियन संघटनेला विकला. आज तो आर्मेनियन नरसंहारातल्या बळींचं स्मारक आहे. सिनेमात दिसणारं वॉशिंग्टन स्क्वेअरचं चर्च, सेंट्स पीटर अँड पॉल, अजून तसंच आहे.

आणि ज्या बँक दरोड्याच्या प्रसंगाने हा सिनेमा जगाला ठाऊक झाला, तो मात्र सॅन फ्रान्सिस्कोत घडतच नाही. तो बरबँकच्या स्टुडिओतला रस्ता आहे.

स्कॉर्पिओमागे खरा माणूस आहे हेही सांगायला हवं. 'झोडियाक' नावाने पत्रं पाठवणाऱ्या खुन्याने १९६८-६९ मध्ये या भागात खून केले. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने वर्तमानपत्राला लिहिलं की शाळेच्या बसचं चाक फोडून बाहेर पडणारी मुलं टिपीन. काही काळ बसेसना पोलीस संरक्षण द्यावं लागलं. इथल्या त्या पिढीचे लोक अजून त्या दिवसांबद्दल बोलतात. सिनेमा डिसेंबर १९७१ मध्ये इथेच प्रथम दाखवला गेला, तेव्हा झोडियाक मोकळाच होता. तो कोण होता हे आजतागायत अधिकृतपणे ठरलेलं नाही.

अनुजा, म्हणून मला वाटतं की स्कॉर्पिओला नाव-गाव नसणं हे फक्त राजकारण नाही. या शहराला त्या वेळी खुन्याचं नाव-गाव खरंच ठाऊक नव्हतं.

तळ्यातमळ्यात

सई, हे वाचून अंगावर काटा आला. खऱ्या आयुष्यात जो सापडला नाही त्याला पडद्यावर गाठून मारला. तेव्हा त्या थिएटरात काय वातावरण असेल!

खाकीतला

नोकरी पोलीस खात्यात गेली, आता निवृत्त आहे. नाव-गाव सांगत नाही.

सिनेमातलं एक अगदी खरं आहे, वरून येणारा दाब. महापौराच्या खोलीत हॅरीला तिष्ठत बसवून ठेवतात आणि मग विचारतात, काय केलंत आतापर्यंत? तो सांगतो, पाऊण तास तुमच्या बाहेरच्या खोलीत बसलो होतो. हे वाक्य लिहिणाऱ्याला पोलिसाची नोकरी कळलेली आहे. लहान मूल हरवलं की फोन सुरू होतात. वर्तमानपत्रं, पुढारी, मूल हरवलेले आईबाप. प्रत्येकाला आजच उत्तर पाहिजे असतं. त्या दाबाखाली एखादा हात उचलतो, आणि त्या वेळी त्याला कुणी अडवत नाही. अडवायला जे यायचे ते सगळे नंतर येतात.

खोटं काय ते सांगतो. हॅरी गुन्हेगार समजून ज्याच्यावर हात उचलतो, तो नेहमी खरा गुन्हेगारच निघतो. त्याच्या हातून एकदाही निरपराध माणूस छळला जात नाही. खऱ्या चौकीत मारलेल्यांपैकी किती जणांचा गुन्ह्याशी संबंधच नसतो, हे आत काम केलेल्या माणसाला विचारा. मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून काहीही सांगतो. एखादी जागा दाखवतो, तिथे काही नसतं, मग आणखी मार. आणि या गोंधळात खरा आरोपी दोन जिल्हे ओलांडून गेलेला असतो. चांगला तपास म्हणजे पायपीट, कागद, खबरी आणि चिकाटी. त्यावर सिनेमा काढला तर कोण बघणार, हेही मला समजतं.

काळाकोट ताईंनी कायदा सांगितला, त्यात भर घालतो. १९९६ च्या डी. के. बसू निकालानंतर अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, ठरावीक वेळाने वैद्यकीय तपासणी, हे सगळं बंधनकारक झालं. सुरुवातीला खात्यात कुरबूर खूप झाली. पण नीट पाळणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच कागदांनी वाचवलेलं मी पाहिलं आहे. आरोपीच्या अंगावरच्या जुन्या जखमा आधीच नोंदलेल्या असल्या की नंतर कुणी खोटा आरोप करू शकत नाही. स्कॉर्पिओ पैसे देऊन स्वतःला बडवून घेतो आणि हॅरीचं नाव घेतो ना, त्यावर इलाज हाच.

पिटातला

खाकीतले साहेब, हॅरीच्या हाती नेहमी खरा गुन्हेगारच लागतो हा मुद्दा फार मोलाचा आहे. अशा प्रत्येक सिनेमाचा पाया तोच असतो. प्रेक्षकाने खुनी आधीच पाहिलेला असतो, त्यामुळे नायकाची खात्री ही प्रेक्षकाचीही खात्री होते. खऱ्या पोलिसाकडे तसं काही नसतं.

अनुजा, उतार आहे हे मान्य. पण एक गोष्ट पुन्हा बघा. बँकेच्या दरोड्यानंतर हॅरी जखमी दरोडेखोरावर .४४ मॅग्नम रोखून विचारतो, गोळ्या पाच झाल्या की सहा, नशीब आजमावतोस का? तेव्हा त्याच्या ओठांवर हसू आहे. चाप ओढतो, बंदूक रिकामी निघते. तो दरोडेखोर झालेला नट अल्बर्ट पॉपवेल, त्याचा चेहरा त्या प्रसंगाचा अर्धा भार उचलतो. शेवटी खाणीजवळच्या पाण्यापाशी हॅरी तेच शब्द स्कॉर्पिओला ऐकवतो. शब्द तेच, पण हसू गेलेलं आहे, दात आवळलेले आहेत. या वेळी गोळी शिल्लक असते. पहिल्या प्रसंगात सुखावलेल्या प्रेक्षकाला सीगल तेच वाक्य दुसऱ्यांदा देतो आणि त्यातली मजा काढून घेतो. फक्त टाळ्या हव्या असत्या तर हे कशाला केलं असतं?

रीळवाला

अँड्र्यू रॉबिन्सनबद्दल कुणीच लिहिलं नाही. स्कॉर्पिओ झालेला हा नट रंगभूमीवरून आलेला, मोठी अशी ही त्याची पहिलीच भूमिका. माणूस शांततावादी, बंदुकीचा तिटकारा असलेला. सुरुवातीला गोळी झाडताना दचकायचा, म्हणून त्याला मुद्दाम सराव करायला पाठवलं. सिनेमा आल्यावर त्याला जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. बसमध्ये तो मुलांकडून जबरदस्तीने गाणं म्हणवून घेतो तेव्हाचा त्याचा आवाज ऐका. ईस्टवुड इतका थोडा आणि स्थिर अभिनय करू शकला, कारण समोर हा माणूस एवढा पेटलेला होता. हॅरीला मिळणारं श्रेय अर्धं तरी रॉबिन्सनला जायला हवं.

शिफ्रिनचं संगीतही तसंच. खुन्याच्या प्रसंगांत बायकांचे शब्दाविना आवाज येतात, अस्वस्थ करणारे. तालवाद्य आणि बास गिटार रस्त्यावरचे. नंतरच्या कित्येक पोलिसी सिनेमा-मालिकांनी हा साचा उचलला.

जुनापुराणा

हिंदीत याची आवृत्ती झाली होती हे किती जणांना माहीत आहे? 'खून खून', १९७३, दिग्दर्शक मोहम्मद हुसेन. इन्स्पेक्टर महेंद्र संधू आणि खुनी डॅनी डेंझोंग्पा. डॅनी त्यात जबरदस्त आहे. मूळ सिनेमाचे प्रसंग बरेच तसेच घेतले आहेत, पण मागची मिरांडाची पार्श्वभूमी इथे नाही, त्यामुळे सगळा भार पाठलागावर येतो.

अनुजा_के

हिंदीचा विषय निघालाच आहे तर 'अर्धसत्य' बाजूला ठेवून चालणार नाही. १९८३. गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', आणि दिलीप चित्र्यांची कविता. ही सगळी आपली माणसं, म्हणून हक्काने सांगते.

त्यातला पोलीस अधिकारी अनंत वेलणकरही संतापी आहे, तोही यंत्रणेने गांजलेला आहे. पण त्याचा हात सुटतो तेव्हा लॉकअपमध्ये एक भुरटा चोर मरतो. खाकीतले साहेब जे म्हणाले ते तेंडुलकरांनी तिथे लिहून ठेवलंय: राग असतो रामा शेट्टी या बड्या गुंडावर, तो निघतो सापडेल त्या गरिबावर. वरच्या माणसापर्यंत हात पोहोचत नाही म्हणून तो खाली पडतो. मग स्वतःला वाचवण्यासाठी वेलणकरला त्याच रामा शेट्टीच्या दारात जावं लागतं. शेवटी त्याला मारून तो स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. ओम पुरीच्या चेहऱ्यावर त्या वेळी कुठलीही सुटका नाही.

हॅरीच्या सिनेमात हा भुरटा चोर कुठेच नाही. माझी तक्रार एवढीच आहे. हिंसेची खरी किंमत मोजणारा माणूस सीगलने चौकटीबाहेर ठेवला.

काळाकोट

अनुजा, अगदी. आणि तो चौकटीबाहेरचा माणूस महाराष्ट्रात कागदावर आहे. पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, सप्टेंबर २०१४. विषय १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी, त्यांत सुमारे १३५ माणसं मेली. कोर्टाने १६ कलमी मार्गदर्शक सूचना दिल्या: गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्याची चौकशी होऊ द्या, आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत त्यासाठी बढती किंवा पदक देऊ नका. ही शेवटची सूचना मुद्दाम वाचा. पडद्यावरच्या टाळ्या खात्यातल्या बढतीपर्यंत पोहोचू नयेत, याची ती सोय आहे.

तळ्यातमळ्यात

पुढचे भाग कुणी पाहिलेत? मला वाटतं दुसऱ्या भागात याच टीकेला उत्तर आहे.

रीळवाला

हो. 'मॅग्नम फोर्स', १९७३, दिग्दर्शक टेड पोस्ट, लेखक मिलियस आणि मायकल चिमिनो. त्यात तरुण वाहतूक पोलिसांची टोळी सुटलेल्या गुन्हेगारांना गुपचूप ठार मारत असते. हॅरीला आपल्यात ओढू बघते आणि तो साफ नकार देतो. यंत्रणेचा मला तिटकारा आहे, पण दुसरं काही चांगलं हाती येईपर्यंत मी तिलाच धरून राहीन, अशा अर्थाचं तो बोलतो. अनुजाच्या आक्षेपाला याहून सरळ उत्तर निर्मात्यांनी कुठे दिलं असेल असं वाटत नाही. नंतर १९७६, १९८३ आणि १९८८ मध्ये आणखी तीन भाग आले. त्यांतला १९८३ चा ईस्टवुडने स्वतः दिग्दर्शित केला.

पण दुसऱ्या भागामुळे पहिल्याचा शेवट मात्र फिका पडतो. पहिल्यात हॅरी बिल्ला काढून पाण्यात फेकतो. ईस्टवुडला हे आधी मान्य नव्हतं. हा माणूस नोकरी सोडणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सीगलने त्याला पटवलं. 'हाय नून'मध्ये गॅरी कूपर मार्शलचा तारा धुळीत टाकतो, त्या शेवटाशी याचं नातं सगळ्यांनीच जोडलं आहे. दोन वर्षांनी तोच हॅरी बिल्ला लावून कामावर हजर, एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही.

अनुजा_के

'मॅग्नम फोर्स'मधला नकार महत्त्वाचा आहे, मानते. पण तिथेही ते वाहतूक पोलीस शिक्षा म्हणून ज्यांना लक्ष्य करतात ते खरोखरचे गुन्हेगारच दाखवलेत. त्या टोळीने एखाद्या निरपराध माणसाला गुन्हेगार समजून मारलं असतं, आणि हॅरीला त्याच्या घरी जाऊन ते सांगावं लागलं असतं, तर मी तो सिनेमा 'अर्धसत्य'च्या शेजारी ठेवला असता.

पिटातला

तो प्रसंग मलाही बघायला आवडला असता, आणि ईस्टवुडने तो फार चांगला केलाही असता. 'अनफरगिव्हन'मध्ये, १९९२ मध्ये, तो या वाटेने बराच पुढे गेला. माणूस मारणं म्हणजे काय, हे त्यातला म्हातारा बंदूकबाज एका पोराला सांगतो. तो सिनेमा त्याने सर्जिओ लिओने आणि डॉन सीगल या दोघांना अर्पण केला आहे. त्यावर वेगळा धागा काढू. काळाकोट ताई, पीयूसीएल निकालातल्या त्या सोळा सूचना मराठीत सविस्तर लिहाल का? इथल्या बऱ्याच जणांना त्या वाचायच्या असतील.

काळाकोट

लिहिते. दिवाळीच्या सुट्टीत कोर्ट बंद असेल तेव्हा. खाकीतले साहेब, प्रत्येक सूचनेखाली ती प्रत्यक्षात कशी पाळली जाते हे तुम्ही लिहाल का? नाव नको, ठाणं नको, फक्त पद्धत.

खाकीतला

लिहीन.